सेड गप्प बसतो, ताळा आपण करायचा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: शंभर फाइल्समधला एक शब्द एका कमांडने बदलता येतो हे कळलं, पण ती कमांड नेमकं काय बदलून गेली हे बघायचं कसं? प्रश्न अगदी योग्य आहे. कमांड शिकवणारे व्हिडिओ ढीगभर आहेत, कमांडनंतर काय करायचं हे सांगणारे फार कमी. म्हणून आजचा अख्खा भाग त्याच्यावर.

एक सूचना. बोलताना मी कमांड उच्चारून सांगते, म्हणून इथेही त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना कमांडची नावं आणि ऑप्शन इंग्रजी अक्षरांत टाका. स्लॅश, कोट, डॅश ही चिन्हं जशी दिसतात तशीच ठेवा.

आधी सेडची ओळख

सेड म्हणजे स्ट्रीम एडिटर. १९७३-७४ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये ली मॅकमहन यांनी तो लिहिला. त्याचं काम साधं आहे. फाइल ओळीओळीने वाचायची, प्रत्येक ओळीवर तुम्ही दिलेला नियम लावायचा, ओळ पुढे ढकलायची. सगळ्यात जास्त वापरला जाणारा नियम असा:

सेड -आय 'एस/जुना/नवा/जी' फाइल.टीएक्सटी

एस म्हणजे सब्स्टिट्यूट, बदल. पहिल्या दोन स्लॅशच्या मध्ये काय शोधायचं ते, पुढे त्याच्या जागी काय ठेवायचं ते. शेवटचा जी म्हणजे ओळीत जितक्या वेळा सापडेल तितक्या वेळा. तो विसरला तर प्रत्येक ओळीत फक्त पहिला शब्द बदलतो. आणि ते डॅश आय म्हणजे इन-प्लेस: बदल स्क्रीनवर दाखवू नकोस, थेट फाइलमध्ये लिही.

आता गंमत बघा. ही कमांड चालली की स्क्रीनवर काहीही येत नाही. पाचशे ठिकाणी बदल झाला तरी नाही, एकाही ठिकाणी झाला नाही तरी नाही. युनिक्सची पद्धतच तशी आहे, सांगण्यासारखी अडचण नसेल तर गप्प राहायचं. बरं, प्रत्येक कमांड संपताना एक एक्झिट कोड देते, शून्य म्हणजे सगळं ठीक. सेडला एकही जुळणारा शब्द सापडला नाही तरी तो शून्यच देतो. त्याच्या दृष्टीने काम झालेलं असतं: सगळ्या ओळी वाचल्या, नियम लावला, संपलं. तुमच्या मनात काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

शाळेत भागाकार केला की बाई म्हणायच्या, ताळा करून बघा. उत्तर आलं म्हणजे बरोबर आलं असं नाही, उलट गुणून बघायचं. सेडचंही अगदी तसंच आहे. फक्त इथे ताळा मागायला बाई नसतात, तो आपणच करायचा.

खरं उदाहरण: गावांची नावं

नुसतं जुना-नवा करून काही कळत नाही, म्हणून खरं उदाहरण घेऊ. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. ज्यांच्याकडे ॲप किंवा वेबसाइट होती त्या सगळ्यांवर एकच काम येऊन पडलं, सगळीकडे नावं बदला. माझ्या एका मित्राचं शेतकऱ्यांसाठी माहिती देणारं छोटं ॲप आहे. योजना, बाजारभाव, पशुपालन असा सगळा मजकूर साध्या टेक्स्ट फाइल्समध्ये. त्याने मला फोन करून विचारलं, "हे पाच मिनिटांचं काम आहे ना?" कमांड पाच सेकंदांची होती. तपासणीला दुपार गेली, आणि ती दुपार का घालवावी लागते हे ऐकलंत तर तुम्हालाही पटेल.

पशुपालनाच्या फाइलमध्ये शेळ्यांच्या जातींची माहिती होती. आपल्याकडे शेळीची एक प्रसिद्ध, अधिकृत नोंद असलेली जात आहे, उस्मानाबादी. आता 'उस्मानाबाद' शोधून 'धाराशिव' ठेवा असं सेडला सांगितलं तर काय होईल? तो शब्द बघत नाही, अक्षरं बघतो. उस्मानाबादी मध्ये उस्मानाबाद ही अक्षरं आहेतच. झाली की धाराशिवी शेळी! ऐकायला विनोदी वाटतं. पण विचार करा, एखादा शेतकरी ॲपमध्ये उस्मानाबादी टाइप करून शोधतोय आणि उत्तर येतंय, माहिती उपलब्ध नाही. किंवा कोणी ॲपमधून जातीचं नाव कॉपी करून कर्जाच्या नाहीतर विम्याच्या अर्जात टाकतोय, आणि तशी जातच कुठे नोंदलेली नाही. ॲप बंद पडलेलं नसतं, एरर नसते, कोणाला काही कळत नाही. त्रास मात्र ज्याने अर्ज भरला त्याला.

तर आता टप्प्याटप्प्याने बघू.

पहिला टप्पा: मोजणी

काही बदलण्याआधी आहे काय ते बघा. त्यासाठी ग्रेप. मजकूर नावाच्या फोल्डरमध्ये सगळ्या फाइल्स आहेत असं धरू:

ग्रेप -आरएन 'उस्मानाबाद' मजकूर

आर म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरसकट, एन म्हणजे ओळीचा नंबर दाखव. जिथे जिथे शब्द आहे त्या सगळ्या ओळी समोर येतात. त्या वाचा. खरंच वाचा, नुसत्या सरकवू नका. उस्मानाबादी शेळी इथेच दिसते.

मग आकडा घ्या. इथे बरेच जण फसतात. ग्रेपला डॅश सी दिलं की तो मोजून देतो, पण ओळी मोजतो, शब्द नाही. एका ओळीत तीनदा उस्मानाबाद असेल तर डॅश सी म्हणणार एक. शब्दच मोजायचे असतील तर:

ग्रेप -आरओ 'उस्मानाबाद' मजकूर | डब्ल्यूसी -एल

डॅश ओ प्रत्येक सापडलेला तुकडा वेगळ्या ओळीवर टाकतो आणि डब्ल्यूसी त्या ओळी मोजतो. समजा उत्तर आलं ४८. त्यातले ११ शेळीच्या जातीचे. आणखी ३ जुन्या शासन निर्णयांच्या शीर्षकातले. ती शीर्षकंही बदलायची नाहीत, कारण ज्याला तो जुना निर्णय शोधायचाय तो छापलेल्या नावानेच शोधणार. म्हणजे १४ तसेच राहायला हवेत, ३४ बदलायला हवेत. 'धाराशिव' हा शब्दही आधीच ५ ठिकाणी आहे असं धरू. हे चार आकडे कागदावर लिहून ठेवा. ताळ्याला लागतील.

दुसरा टप्पा: रंगीत तालीम

डॅश आय काढून टाका. बस्स. डॅश आय नसेल तर सेड फाइलला हात लावत नाही, बदललेला मजकूर फक्त स्क्रीनवर दाखवतो. पण मोठी फाइल असेल तर हजार ओळी धडाधड वर जातात आणि बदललेल्या चार शोधायच्या कुठे? म्हणून असं:

सेड -एन 'एस/उस्मानाबाद/धाराशिव/जीपी' शेळीपालन.टीएक्सटी

डॅश एन म्हणजे आपणहून काही छापू नकोस. जी नंतरचा पी म्हणजे बदल झाला तरच ती ओळ छाप. आता फक्त बदललेल्या ओळी दिसतील.

पण यात नवी ओळ दिसते, जुनी कशी होती ते दिसत नाही. तुलना हवी असेल तर डिफ. ही कमांडही बेल लॅब्सचीच, डग्लस मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांच्या कामातून आलेली, १९७४ पासून युनिक्समध्ये आहे. दोन फाइल्समधल्या जास्तीत जास्त ओळी त्याच क्रमाने जुळवून बघायच्या आणि न जुळलेल्या दाखवायच्या, हे तिचं मूळ तत्त्व. सेडचा निकाल थेट डिफकडे पाठवता येतो:

सेड 'एस/उस्मानाबाद/धाराशिव/जी' शेळीपालन.टीएक्सटी | डिफ -यू शेळीपालन.टीएक्सटी -

शेवटचा एकटा डॅश विसरू नका. त्याचा अर्थ, दुसरी फाइल म्हणजे पाइपमधून जे येतंय ते. आणि मग असं काहीसं दिसतं:

-उस्मानाबादी आणि संगमनेरी या राज्यातल्या माहितीच्या जाती.
+धाराशिवी आणि संगमनेरी या राज्यातल्या माहितीच्या जाती.

उणे म्हणजे जुनी ओळ, अधिक म्हणजे नवी. आजूबाजूच्या तीन-तीन ओळी संदर्भासाठी येतात, त्यांच्या आधी काही चिन्ह नसतं. दोन ॲट चिन्हांमध्ये ओळींचे नंबर असतात. एवढं कळलं की डिफ वाचता आला.

खूप फाइल्स असतील तर फॉर लूप लावा:

फॉर एफ इन मजकूर/*.टीएक्सटी; डू सेड 'एस/उस्मानाबाद/धाराशिव/जी' "$एफ" | डिफ -यू "$एफ" -; डन

एकही फाइल न बदलता सगळ्यांचे बदल समोर. डिफचा एक्झिट कोडही सेडपेक्षा बोलका आहे. शून्य म्हणजे दोन्ही सारख्या, एक म्हणजे फरक आहे, दोन म्हणजे काहीतरी अडलं. स्क्रिप्टमध्ये "बदल झाला का?" हे विचारायचं असेल तर सेडला विचारू नका, डिफला विचारा.

इथे एक धोक्याची पाटी. डॅश आय नको म्हणून काही जण सेडचा निकाल ग्रेटर-दॅन चिन्हाने त्याच फाइलमध्ये वळवतात. असं कधीही करू नका. शेल आधी ती फाइल रिकामी करतं आणि मग सेडला वाचायला देतं. सेडला रिकामी फाइल मिळते आणि तुम्हालाही.

तिसरा टप्पा: नियम सुधारा, परतीची वाट ठेवा

तालमीत शेळी सापडली. आता नियम बदलू:

सेड '/उस्मानाबादी/!एस/उस्मानाबाद/धाराशिव/जी' शेळीपालन.टीएक्सटी

उद्गारचिन्हाचा अर्थ, ज्या ओळीत उस्मानाबादी आहे ती सोडून बाकीच्या ओळींवर नियम लाव. पण अख्खी ओळ सुटते हे लक्षात ठेवा. "उस्मानाबाद जिल्ह्यात उस्मानाबादी शेळी पाळतात" अशी ओळ असेल तर जिल्ह्याचं नावही जुनंच राहील. अशा ओळी हाताने करायच्या. जुन्या निर्णयांच्या शीर्षकांच्या ३ ओळीही तशाच वगळायच्या. पुन्हा तालीम, पुन्हा डिफ. मनासारखं दिसेपर्यंत.

मग प्रत्यक्ष बदल. त्याआधी परतीची वाट. गिट वापरत असाल तर आधीचं सगळं कमिट करा, म्हणजे नंतर दिसणारा प्रत्येक फरक याच कमांडचा असेल. दुसऱ्या कामाचे अर्धवट बदल त्यात मिसळले की तपासणीचा पचका झाला. गिट नसेल तर सेडकडेच सोय आहे: डॅश आयला चिकटून डॉट बीएके लिहा, मध्ये स्पेस नको. प्रत्येक फाइलची जुनी प्रत त्या शेपटीसकट शेजारी राहते आणि नंतर दोन्हींचा डिफ घेता येतो.

मॅकवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. लिनक्सवर ग्नू सेड असतो, मॅकवर बीएसडी सेड. मॅकवर डॅश आयच्या पुढे शेपटी द्यावीच लागते. नको असेल तर रिकामे कोट द्यायचे. नाहीतर तो तुमच्या नियमालाच शेपटी समजतो, फाइलच्या नावाला नियम समजतो आणि भलतीच एरर देतो. आणि लिनक्सवर कोणी डॅश आयई असं एकत्र लिहिलं तर 'ई' ही शेपटी समजली जाते, नावाच्या शेवटी ई असलेल्या फाइल्स फोल्डरभर उगवतात.

आणखी एक. "या फोल्डरमधल्या झाडून सगळ्या फाइल्सवर चालव" असं सांगाल तर लपलेलं डॉट गिट फोल्डरही त्यात येतं. तिथे गिटचा स्वतःचा कारभार असतो. त्यात सेड शिरला तर परतीची वाटच उखडली जाते. म्हणून फक्त गिटला माहीत असलेल्या, आणि ज्यात शब्द खरंच आहे त्याच फाइल्स द्या. वगळायच्या ओळींचा नियम इथेही तसाच न्यायचा, लांबी वाढू नये म्हणून साधं रूप देते:

गिट ग्रेप -एलझेड 'उस्मानाबाद' | एक्सआर्ग्स -० सेड -आय '/उस्मानाबादी/!एस/उस्मानाबाद/धाराशिव/जी'

यातला झेड आणि शून्य फाइलच्या नावात स्पेस किंवा मराठी अक्षरं असतील तरी गोंधळ होऊ देत नाहीत. याचा दुसरा फायदा असा की डॅश आय प्रत्येक फाइल नव्याने लिहून काढतो, बदल असो वा नसो. न बदललेल्या फाइल्सचीही तारीख-वेळ बदलते, आणि तारखेवर चालणारी मेकसारखी टूल्स सगळं पुन्हा बिल्ड करत बसतात. ज्या फाइल्समध्ये शब्दच नाही त्या सेडला न दिलेल्याच बऱ्या.

चौथा टप्पा: ताळा

बदल झाला. आता:

गिट डिफ --स्टॅट

कुठल्या फाइलमध्ये किती ओळी हलल्या याची यादी मिळते. जिला हात लागायला नको होता अशी फाइल दिसते का, आधी ते बघा. मग:

गिट डिफ --वर्ड-डिफ

यात अख्ख्या ओळींऐवजी बदललेले शब्द कंसात दिसतात, जुना चौकोनी कंसात, नवा महिरपी कंसात. मराठी लांब परिच्छेदांसाठी हे वरदान आहे. आमच्या मजकुरात एकेक परिच्छेद म्हणजे एकच लांब ओळ होती, साध्या डिफमध्ये दोन परिच्छेद शेजारी ठेवून फरक शोधताना डोळे दुखतात.

आता कागदावरचे आकडे काढा. उस्मानाबाद पुन्हा मोजा, १४ यायला हवं. धाराशिव मोजा: आधीचे ५, नवे ३४, एकूण ३९. दोन्ही जुळलं तर ताळा बसला. उस्मानाबाद १४ पेक्षा जास्त राहिलं तर कुठेतरी जी विसरला किंवा ओळ सुटली. कमी राहिलं तर शेळी गेली!

डिफला न दिसणारं

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. डिफ फक्त बदललेलं दाखवतो. बदलायला हवं होतं पण बदललं नाही, ते डिफमध्ये कधीच येणार नाही. म्हणून ताळ्याचे प्रश्न दोन आहेत. नको ते बदललं का? हे डिफ सांगतो. हवं ते राहिलं का? हे पुन्हा ग्रेप करूनच कळतं, तेही वेगवेगळ्या रूपांनी शोधून.

मराठीत हा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. अहमदनगरला आपण सगळे नुसतं 'नगर' म्हणतो. 'नगरला पाऊस', 'नगरचा कांदा बाजार'. अहमदनगर शोधून हे सापडणार नाही. आणि नुसतं नगर शोधून बदललं तर शिवाजीनगर, पुण्यातला नगर रोड, सगळेच सापडतात. आधी औरंगाबाद बदललं असेल तर संभाजीअहिल्यानगर नावाचं नवंच शहर तयार होईल. इथे सेडचा उपयोग फक्त यादी काढायला. निर्णय माणसाने घ्यायचा.

विभक्तीचंही तसंच. औरंगाबादला, औरंगाबादहून हे सरळ जमतं. पण 'औरंगाबादेत' चं 'छत्रपती संभाजीनगरेत' होतं, जे कोणी बोलत नाही. शिवाय औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, त्याचं नाव बदललेलं नाही. आणि इतिहासाच्या मजकुरात अहमदनगरची निजामशाही १६३६ मध्ये संपली असं लिहिलेलं असेल तर तिथे अहिल्यानगर टाकून कसं चालेल?

दुसरी अडचण डोळ्यांना न दिसणारी. 'ॲप' मधलं पहिलं अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एक म्हणजे युनिकोडमधलं स्वतंत्र ॲ, दुसरं म्हणजे साधा अ आणि त्यावर वेगळा अर्धचंद्र. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात. सेडला ते वेगळे आहेत. 'ऱ्हास' मधल्या ऱ चंही तेच, एकच अक्षर किंवा र अधिक खालचा नुक्ता. तुमच्या कीबोर्डने एक टाइप केलं आणि फाइलमध्ये दुसरं असेल, तर शून्य बदल, शून्य एरर, शून्य एक्झिट कोड. मोजणीत अपेक्षेपेक्षा कमी आकडा आला की पहिला संशय यावर घ्या, आणि शब्द टाइप न करता फाइलमधूनच कॉपी करून शोधा.

तिसरी अडचण टिंबाची. सेडच्या भाषेत डॉट म्हणजे कोणतंही एक अक्षर. दुधाच्या दराच्या फाइलमध्ये ३.५ फॅटचा आकडा बदलायला गेलात आणि शोधायला '३.५' दिलंत तर ३४५ रुपये हाही आकडा जुळतो. डॉटच्या आधी बॅकस्लॅश लावला की तो साधा डॉट होतो. असं चुकलेलं डिफमध्ये लगेच दिसतं. न वाचलेल्या डिफमध्ये अर्थातच नाही.

चौथी, तीच कमांड दुसऱ्यांदा चालवणं. 'संभाजीनगर' शोधून 'छत्रपती संभाजीनगर' ठेवा, हा नियम पहिल्यांदा ठीक. दुसऱ्यांदा चालला की छत्रपती छत्रपती संभाजीनगर. तपासायला सोपं आहे: बदल झाल्यावर तीच कमांड डॅश आयशिवाय डिफमधून पुन्हा चालवून बघा. डिफ रिकामा आला तर नियम पुन्हा चालला तरी धोका नाही.

आणि पाचवी, शॉर्टकट फाइल म्हणजे सिमलिंक. ग्नू सेड नवी फाइल तयार करून जुनीच्या जागी ठेवतो. फाइल सिमलिंक असेल तर ती लिंक जाते, तिथे वेगळी प्रत बसते आणि मूळ फाइल तशीच राहते. त्यासाठी फॉलो-सिमलिंक्स नावाचा ऑप्शन आहे.

एआयला सांगितलं तर?

हा प्रश्न येणारच. हल्ली कोडिंग असिस्टंटला म्हटलं की "सगळीकडे नाव बदल", तो बदलतो आणि वर सांगतोही, सगळीकडे बदललं आहे. सेड निदान गप्प तरी बसतो! मला ही टूल्स आवडतात, रोज वापरते. पण त्याने काय केलं हे त्यालाच विचारून ताळा होत नाही. फाइलला विचारायचं. आधी कमिट, आधी मोजणी, मग बदल, मग डिफ, मग पुन्हा मोजणी. हात कोणाचाही असो, ताळा तोच.

ऑफिसात मी दुसऱ्यांचे बदल तपासते तेव्हा लोक म्हणतात, अगं फक्त नाव बदललंय, बघायचं काय त्यात? माझं उत्तर एकच. ज्या बदलात बघण्यासारखं काही नाही असं सगळ्यांना वाटतं, तो कोणीच बघत नाही. आणि ॲपमधली चुकीची ओळ डेव्हलपरच्या नाही, वापरणाऱ्याच्या अर्जात जाते.

मोबाइलवर करून बघा

लॅपटॉप नाही म्हणून थांबू नका. अँड्रॉइडवर टर्मक्स टाका. सेड, ग्रेप, डिफ लगेच चालतात. गिटसाठी 'पीकेजी इन्स्टॉल गिट'. एक फोल्डर करा, त्यात दोन-तीन फाइल्स. तुमच्या गावाबद्दल दहा ओळी लिहा, त्यात गावाचं नाव वेगवेगळ्या रूपांत येऊ द्या: गावाला, गावचा, गावकर, शाळेच्या नावात, कोणाच्या आडनावात. मग नाव बदलायची कमांड लिहा आणि चालवण्याआधी कागदावर लिहा, किती बदलतील, किती राहायला हवेत. मग तालीम, डिफ, बदल, ताळा.

कागदावरचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा पहिल्याच फटक्यात जुळला तर मला कळवा. नाही जुळला तर जास्तच आवर्जून कळवा. कुठे अडला ते लिहा, पुढच्या भागात त्यातली निवडक उदाहरणं घेऊ. तोपर्यंत डॅश आय टाइप करण्याआधी एक श्वास घ्या, आणि भेटू लवकरच!